माझे औषध, माझे ताट

मला फुप्फुसाचा कर्करोग आहे. आमच्या शाळेत, मोहल्ल्यात, नातेवाइकांत हे आता सर्वांना माहीत झाले आहे, त्यामुळे लपवण्यासारखे काही राहिलेले नाही. भेटणारी माणसे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "तुम्हाला कसा काय झाला?" आणि दुसरा, "मग तुम्ही खाता काय?" पहिल्याचे उत्तर माझ्याकडे फारसे नाही. दुसऱ्याचे मात्र बरेच आहे, आणि ते घराघरांत उपयोगी पडेल असे वाटते म्हणून लिहायला बसले.

पहिला प्रश्न आधी उरकते. मी अंबरनाथच्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. वय 46. आमच्या घरात बिडी-सिगारेट कोणीच ओढत नाही, मी तर पानही खाल्लेले नाही. "केमिकलच्या कंपन्यांमुळे झालं असेल," असे लोक म्हणतात. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत राहणाऱ्या कोणालाही रात्री उशिरा खिडकीतून येणारा तो वास आणि वालधुनी नदीचा रंग सांगावा लागत नाही. बाहेरची दूषित हवा फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2013 मध्ये जाहीर केले आहे. पण माझ्याच छातीतली गाठ त्यामुळे झाली का, हे कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही, आणि मीही तसे म्हणणार नाही. हवेसाठी भांडायला हवे. ते भांडण माझ्या आजारावर अवलंबून नाही.

खोकला 2023 च्या पावसाळ्यात सुरू झाला. शिक्षकाला खोकला म्हणजे खडूचा, अशी आमच्यात समजूतच असते. महिना उलटला, तसे जवळच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. त्यावर डाग दिसला आणि टीबीची औषधे सुरू झाली. थुंकीच्या तपासणीत टीबीचे जंतू सापडले नव्हते, तरीही चार महिने ती औषधे चालू राहिली. खोकला तसाच, वजन उतरत चाललेले, आणि जिना चढताना धाप. आपल्या देशात टीबी इतका आहे की एक्स-रेवरचा डाग पाहून डॉक्टरांच्या मनात तोच आधी यावा, हे समजण्यासारखे आहे. पण वाचक भगिनींनो, हे एवढे लक्षात ठेवा: थुंकीत जंतू नाहीत आणि काही आठवडे औषध घेऊनही फरक पडत नसेल, तर सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासण्याबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. धूम्रपान न करणाऱ्या बाईला फुप्फुसाचा कर्करोग होत नाही, हा समज चुकीचा आहे.

जानेवारी 2024 मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात नाव नोंदवले. आजार चौथ्या स्टेजला होता, डाव्या फुप्फुसाभोवती पाणी साचले होते. तुकडा आणखी एका तपासणीला गेला, तिचे नाव ईजीएफआर. गाठीच्या पेशींतल्या एका जनुकात बदल झाला आहे का, हे त्यात कळते. भारतात या आजाराच्या साधारण चौघांतल्या एका रुग्णात हा बदल सापडतो, आणि धूम्रपान न केलेल्या स्त्रियांत अधिक. तो असला तर रोज घ्यायची एक गोळी थेट त्या बदलावर काम करते. माझ्यात तो सापडला. चौथ्या स्टेजची बातमी ऐकल्यावर तीन आठवड्यांनी मी पहिल्यांदा "अल्हमदुलिल्लाह" म्हटले ते या रिपोर्टवर.

माझी गोळी जेफिटिनिब. तिच्यासोबत दर तीन आठवड्यांनी केमोची सलाईन. दोन्ही मिळून का, असे मी विचारले, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी टाटामध्येच झालेल्या एका अभ्यासाविषयी सांगितले. 350 रुग्ण, अर्ध्यांना फक्त गोळी, अर्ध्यांना गोळी आणि केमो. नुसत्या गोळीवर आजार 8 महिने रोखला गेला, दोन्हींवर 16 महिने. त्रास मात्र दोन्हींमध्ये जास्त. 2019 मध्ये हा अभ्यास जगासमोर आला. मी गणिताची शिक्षिका नाही, पण 16 म्हणजे काय ते नीट विचारून घेतले. वर्गातली मुले उंचीप्रमाणे ओळीत उभी केली, तर मधोमध जो मुलगा येतो, त्याची उंची जशी, तसा हा आकडा. म्हणजे निम्म्यांचा आजार त्याआधीच वाढला, आणि निम्म्यांचा त्यानंतरही दबलेला राहिला. मी ओळीत कुठे उभी आहे, हे कोणालाच दिसत नाही.

जाण्यायेण्याविषयी एक उपयोगाची गोष्ट. लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांनाही बसता येते. कित्येक घरांना हे ठाऊक नसते, आणि बिचारे केमो घेऊन आलेले माणूस सायंकाळच्या बदलापूर लोकलमध्ये दारात लोंबकळत येते. रुग्णालयाचे कागद जवळ ठेवा. कोणी हटकले तर दाखवा. अंबरनाथहून फास्ट लोकलने दादर, तिथून स्लोने परळ, असा आमचा रस्ता. केमोच्या दिवशी पहाटे फजर पढून निघायचे ते रात्री इशाच्या सुमारास घरी.

आता खाण्याचे.

तिसऱ्या केमोपर्यंत माझे वजन 61 वरून 52 किलोवर आले होते. तोंडाला पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या पाण्यासारखी चव. मटणाचा वास आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहायची. गोळीमुळे चेहऱ्यावर आणि छातीवर पुरळ, नखांच्या कडा सुजलेल्या, आणि जुलाब. अशा वेळी माणसाला खाऊ घालावे म्हणून सारे खानदान उभे राहते. मोठी खाला भिवंडीहून यखनी घेऊन आली. माझ्या माहेरी, उल्हासनगरला, अम्मीच्या शेजारी एक सिंधी आंटी आहेत. त्यांनी स्टीलच्या डब्यातून त्यांची ती चिंचेची, बेसनाची, भाज्या घातलेली कढी पाठवली. पाच दिवसांनी मी पहिल्यांदा भात पोटभर खाल्ला तो त्या कढीशी. आंबट चव जिभेला कळत होती, बाकी कशाचीच कळत नव्हती. आहारतज्ज्ञ मॅडमना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "तोंडात फोड नाहीत ना? मग रोज खा."

पण खाऊ घालणाऱ्यांइतकेच खाणे बंद करायला सांगणारेही होते, आणि त्यांचेही माझ्यावर प्रेमच होते. कोणी म्हणाले साखर बंद, कोणी दूध बंद, कोणी गहू बंद, कोणी मांस-मासळी तर बिलकुल बंद. नोव्हेंबर 2024 मध्ये तर कहर झाला. माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू यांनी पत्रकारांसमोर सांगितले की त्यांच्या पत्नीचा चौथ्या स्टेजचा स्तनांचा कर्करोग आहाराने हटला: लिंबूपाणी, कच्ची हळद, सफरचंदाचे व्हिनेगर, कडुनिंबाची पाने, तुळस, आणि साखर-दूध-गहू वर्ज्य. तो व्हिडिओ मला एका दिवसात अकरा जणांनी पाठवला. त्यांत बदलापूरच्या माझ्या मोठ्या जाऊबाई होत्या. त्या नुसता व्हिडिओ पाठवून थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी व्हिनेगरची बाटली, ओली हळद आणि कडुनिंबाची जुडी घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "एवढं करून तर बघ. नुकसान तर काही नाही."

भाभींना मी उलट बोलत नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात त्यांनी माझे केले आहे. त्यांना बसवले, चहा दिला आणि माझ्या मोबाइलवरचे दुसरे पत्रक वाचून दाखवले. टाटा मेमोरियलच्या आजी-माजी 262 कर्करोगतज्ज्ञांनी सह्या करून ते त्याच आठवड्यात काढले होते. या आहाराने कर्करोग बरा होतो असा भक्कम पुरावा नाही, अशा गोष्टींपायी कोणी उपचार लांबवू नयेत, असे त्यात होते. खुद्द सिद्धूंच्या पत्नीने शस्त्रक्रिया आणि केमो घेतलेली होती. पुढे सिद्धूंनीही खुलासा केला की आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने, उपचाराच्या जोडीला होता. पण खुलासा मला एकानेही पाठवला नाही.

भाभी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आम्ही काय करायचं? नुसतं बघत बसायचं?" त्यांचा हा प्रश्न मला आजही त्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा मोठा वाटतो. माणसाला काहीतरी करायचे असते. गोळी डॉक्टर देतात, सलाईन सिस्टर लावते. घरच्या बाईच्या हातात राहते ते फक्त ताट. त्या ताटातूनच आजार बरा व्हावा, असे तिला वाटले तर नवल नाही.

साखरेचे गणित आहारतज्ज्ञ मॅडमनी मला सोपे करून सांगितले होते, तेच मी भाभींना सांगितले. कर्करोगाच्या पेशी साखर वापरतात हे खरे, पण शरीरातली प्रत्येक पेशी ती वापरते. तुम्ही गोड बंद केले तरी भात, भाकरी, डाळीपासून शरीर साखर तयार करतेच, आणि तेही बंद केले तर स्वतःचे स्नायू मोडून तयार करते. म्हणजे गाठ उपाशी राहत नाही, बाई उपाशी राहते. अर्थात हा परवाना नव्हे. ज्यांना मधुमेह आहे त्यांचे पथ्य वेगळे. पण माझ्यासारख्या वजन उतरलेल्या रुग्णाचे आधी वजन सांभाळायचे, कारण अंगात ताकद नसली की केमो पुढे ढकलावी लागते.

मग माझे ताट कसे ठरले? सकाळी नाश्त्याला दोन अंडी, पक्की उकडलेली. केमोत पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून कच्चे-अर्धकच्चे काही नाही, गाडीवरचे काही नाही, कापून ठेवलेली फळे नाहीत. दर दोन तासांनी थोडे थोडे: दही-भात, मुगाची खिचडी तुपासह, शेंगदाण्याची चटणी, चिकन सूप, बांगडा किंवा बोंबलाचे कालवण. मटणाचा वास सहन होईना, पण गार करून कोफ्ते दिले तर खाता यायचे. गरम पदार्थांचा वास जास्त येतो, गारांचा कमी, हे मला तोवर माहीत नव्हते. जुलाब असतील त्या दिवशी तांदळाची पेज, केळे, ओआरएसचे पाणी. आणि तीनदा झाले की रुग्णालयात फोन, वाट पाहत बसायचे नाही.

बंदीच्या यादीत तीनच गोष्टी होत्या, आणि त्या व्हिडिओतल्या यादीशी अजिबात जुळत नव्हत्या. एक, ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच जातीचे आपले पपनस. त्यामुळे गोळीचे रक्तातले प्रमाण बदलू शकते. दोन, पित्ताची गोळी मनाने घ्यायची नाही. पोटातले आम्ल फार कमी झाले तर जेफिटिनिब नीट शोषली जात नाही. आपल्याकडे तर पित्ताची गोळी पाकिटात असतेच, म्हणून हे मुद्दाम सांगते. तीन, काढे, भुकट्या आणि अर्काच्या कॅप्सूल. भाजीत पडते ती हळद चालते, हळदीची कॅप्सूल नाही. माझी गोळी यकृतावर ताण देते, त्यात दुसरा ताण नको. 2021 मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले होते. आयुष मंत्रालयाला ते मान्य झाले नाही. वाद त्यांनी सोडवावा, माझे यकृत मात्र एकच आहे.

कलौंजीचे विचाराल, हे मला माहीत आहे. आपल्या घरांत तो विषय निघतोच. सासरे रोज सकाळी कलौंजीचे तेल आणि मध चमच्यात घेऊन यायचे. हदीसवर माझा ईमान त्यांच्याइतकाच आहे. पण आजारावर इलाज करा, हेही आपल्या पैगंबरांनीच (स.) सांगितले आहे, आणि इलाज करणाऱ्यापासून खाणे लपवले तर तो इलाज कसला? मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारले. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "नानवर चिमूटभर दाणे टाकून खा, मध खा. तेलाचा चमचा रोज नको, या गोळीबरोबर त्याचं काय होतं हे कोणी तपासलेलं नाही." अब्बांना मी तसे सांगितले. आता ते माझ्या नाश्त्याच्या भाकरीवर स्वतःच्या हाताने दाणे पेरतात, आणि पेरताना काहीतरी पढतात.

भुकेसाठी खरा फरक पडला तो रात्रीच्या एका छोट्या गोळीने. तिचे नाव ओलान्झापिन, अडीच मिलिग्रॅम. माझ्या पतींनी मोबाइलवर शोधले आणि घाबरून गेले, कारण ती मुळात मानसिक आजाराची गोळी आहे. "तुला वेड लागलंय असं त्यांना वाटतं का?" असे म्हणाले. पण पुदुच्चेरीच्या जिपमर या सरकारी संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या 124 रुग्णांवर तिचा अभ्यास झाला आहे, तो 2023 मध्ये छापून आला. केमोबरोबर ही छोटी मात्रा घेणाऱ्यांपैकी 60 टक्क्यांचे वजन पाच टक्क्यांहून जास्त वाढले. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 9 टक्क्यांचेच. सकाळी थोडी सुस्ती येते, पण भूक लागते. चार महिन्यांत मी 52 वरून 56 वर आले. ज्या घरात रुग्ण जेवत नाही म्हणून रोज रडारड चालते, त्यांनी या गोळीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे, स्वतः दुकानातून आणू नये.

या सगळ्यात ज्याने माझी झोप उडवली, ते मात्र खाणे नव्हते, न खाणे होते.

2024 चा रमजान 12 मार्चला सुरू झाला, माझ्या दुसऱ्या केमोच्या आसपास. रोजे ठेवायचा प्रश्नच नव्हता. आजाऱ्याला कुरआनने सवलत दिली आहे, पुढे बरे झाल्यावर तेवढे दिवस भरून काढायचे. आणि ज्याला बरे होण्याची आशाच नाही, त्याने एका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे, फिदया द्यायचा. मदरशात मुलगी असताना पाठ केलेला मसला. तेव्हा तो किती सोपा वाटला होता! आता तो माझ्यावर आला, तर मला कळेना मी कोणत्या रांगेतली. फिदया दिला तर मी बरी होणार नाही, असे स्वतःच्या हाताने लिहून दिल्यासारखे. कझा धरली तर ज्या आजाराला डॉक्टर "जाणार नाही" म्हणतात, त्याच्याबाबत अल्लाहशी उधारी.

ईदनंतर मी आमच्या मौलाना साहेबांना पतींकरवी विचारले. ते म्हणाले, याचा फैसला डॉक्टरच्या प्रामाणिक मतावर होतो, माझ्या नाही. मग पुढच्या भेटीत मी डॉक्टरीणबाईंना विचारले. आधी त्यांना प्रश्नच समजला नाही. समजावून सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवले. म्हणाल्या, "मॅडम, हा आजार मुळापासून जाणार नाही, हे मी तुम्हाला आधी सांगितलंय. पण तुम्ही कधीच एक दिवस उपाशी राहण्याइतक्या बऱ्या होणार नाही, असं मी म्हणू शकत नाही. थंडीत, दिवस लहान असताना, जुलाब नसतील, किडनीचा रिपोर्ट चांगला असेल, तर आपण बोलू." मौलाना साहेबांना हे कळवले. त्यांचा निरोप आला: मग आशा आहे. वहीत लिहून ठेवा.

म्हणून मी लिहिले. शाळेच्या हजेरीसारखा तक्ता आखला, 30 चौकोन. 2025 चा रमजान आला तेव्हा केमोतले एक औषध चालूच होते आणि मार्चमध्येच ऊन कडक होते. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. आणखी 29 चौकोन आखले. एकूण 59. गेल्या डिसेंबरमध्ये विचारले होते, तेव्हा किडनीचा रिपोर्ट काठावर होता, त्यामुळे एकही भरलेला नाही. घरी इफ्तारीला मी सर्वांबरोबर बसते, खजूर सर्वांबरोबरच तोंडात टाकते. धाकटी मुलगी म्हणाली, "अम्मी, तुझा तर रोजा नाही, तरी थांबतेस?" मी म्हटले, थांबायला डॉक्टरांनी मना केलेले नाही.

जूनमध्ये माझे 16 महिने पूर्ण झाले. त्या महिन्यातल्या स्कॅनसाठी मशीनमध्ये झोपले तेव्हा श्वास धरा, सोडा, या सूचनांच्या मधल्या वेळेत मी दुआ करत होते आणि खरे सांगायचे तर तो आकडाही मोजत होते. रिपोर्टमध्ये गाठ होती तेवढीच. कधीतरी ती वाढेल. तेव्हा पुन्हा तुकडा किंवा रक्त तपासायचे, आणि गाठीत ठराविक नवा बदल सापडला तर ओसिमर्टिनिब नावाची गोळी असते. ती फार महाग आहे. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने ज्या तीन कर्करोगाच्या औषधांवरचे आयातशुल्क काढले, त्यांत ती आहे, तरीही शिक्षकाच्या पगाराला झेपेल अशी झालेली नाही. त्याची चौकशी पतींनी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आत्ताच करून ठेवली आहे.

शाळेत मी आठवड्यातून तीन दिवस जाते. खडूच्या जागी मुख्याध्यापिकांनी पांढरा फळा लावून दिला. दुपारच्या सुट्टीत माझा डबा उघडला की बाकीच्या शिक्षिका आधी विचारतात, "आज काय चालतं?" आणि मग आपापल्या डब्यातले पुढे करतात. भाभींचेही तसेच झाले आहे. बदलापूरहून निघायच्या आधी फोन करतात. परवा विचारले, "बोंबील आणू की पापलेट?" मी बोंबील सांगितले. त्यांच्याकडून आलेली व्हिनेगरची ती बाटली आमच्याकडे कांद्याच्या सॅलडला वापरतात, अर्धी संपली आहे.